पल्सरचे सगळे स्पार्क प्लग एकदमच बदला

पल्सर १५० डीटीएस-आयला प्लग दोन असतात, एनएस २०० ला तीन. घाईत समोर दिसतो तेवढाच बदलला जातो, बाकीचे काजळी धरून तसेच राहतात. इंजिन पूर्ण गार होऊ द्या. गरम अ‍ॅल्युमिनियम हेडचे आटे लवकर जातात. प्लग सोडवण्याआधी भोवतालची माती हवेने उडवा, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये! नवा प्लग सुरुवातीला हातानेच फिरवा. बोटं पोचत नसतील तर पेट्रोलच्या नळीचा तुकडा प्लगच्या टोकावर चढवायचा. आटा तिरका बसला की नळी घसरते. पाना मात्र तसाच रेटत नेतो. वॉशर टेकला की पान्याने अर्धा फेरा, बस्स. जुनाच प्लग परत लावताना त्याहून बराच कमी, कारण वॉशर आधीच दबलेला असतो.