सर्दी झालीय? नाकाच्या थेंबांपासून जरा जपून

गणपती उठले की पुढच्या चार-पाच दिवसांत आमच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये शिंका सुरू होतात, दरवर्षीचं ठरलेलं आहे. लक्ष्मी रोडला रात्रभर गर्दीत खेटून उभं राहायचं, वरून पाऊस, घसा बसेपर्यंत ओरडायचं, मग दुसरं काय होणार. आई म्हणते भिजलास म्हणून झाली. खरं तर सर्दी होते ती व्हायरसने, दोनशेच्या वर प्रकारचे व्हायरस सर्दी करतात आणि त्यातला रायनोव्हायरस सगळ्यात कॉमन, शेजारच्याच्या शिंकेतून नाहीतर त्याने हात लावलेल्या दांड्यावरून आपल्या हाताला आणि तिथून नाका-डोळ्यांना. पण हे आईला सांगायला जाऊ नका, काढा मिळायचा बंद होईल.

आधी एक लक्षात घ्या की ही सर्दी बरी करणारं औषध नाहीये. पहिल्या दिवशी घसा खवखवतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नाक नळासारखं गळतं आणि डोकं जड, मग शेंबूड घट्ट होतो, आणि साधारण सात ते दहा दिवसांत गाडी रुळावर येते. खोकला मात्र दोन-तीन आठवडे मागे रेंगाळू शकतो. त्यामुळे आपण जे काही करायचं ते हे दिवस सुसह्य व्हावेत म्हणून, आणि त्या नादात नवीन दुखणं मागे लावून घ्यायचं नाही.

घशासाठी गुळण्या. कपभर कोमट पाणी, अर्धा छोटा चमचा मीठ, दिवसातून तीन-चार वेळा, हवी तर चिमूटभर हळद पण मग बेसिन लगेच धुवा नाहीतर घरात वेगळं भांडण. रात्री झोपताना चमचाभर मध घेतला की खोकल्याची ढास खरंच कमी होते, नुसता चाटा किंवा आल्याच्या रसात कालवून. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध अजिबात नाही, बोटाला लावून चाटवायचा सुद्धा नाही, त्यातून बोट्युलिझम म्हणजे जीवघेणी विषबाधा होऊ शकते. आजीला वाईट वाटलं तरी चालेल.

काढा म्हणजे आमच्याकडे दोन कप पाण्यात बोटाच्या पेराएवढं आलं ठेचून, तुळशीची सात-आठ पानं, चार मिरे, गवती चहाची दोन पाती, आटवून एक कप, गुळाचा खडा. दिवसातून दोनदा बास. कोविडच्या वेळी 2020 ला आम्ही पाणी प्यावं तसा काढा प्यायलो आणि सर्दी कुणालाच नव्हती पण अ‍ॅसिडिटी सगळ्यांना झाली. ज्येष्ठमध छान लागतो, घशाला बरं वाटतं, पण बीपीवाल्यांनी रोज रोज चघळू नये, त्याने बीपी वाढतं. अडुळसा जुन्या घरांच्या कुंपणाला असायचाच, आता काष्ठौषधींच्या दुकानातून आणावा लागतो, पण त्याची गंमत म्हणजे कफ पातळ करणारं ब्रोमहेक्सिन जे असंख्य खोकल्याच्या सिरपमध्ये असतं ते अडुळशातल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरूनच तयार केलंय. म्हणजे आजी अगदीच हवेत बोलत नव्हती.

आता नाक, कारण खरा छळ नाकाचाच. वाफ घ्या, साध्या पाण्याची पुरते, वाफेने व्हायरस मरत नाही पण पाच-दहा मिनिटं मोकळं वाटतं. पातेलं टेबलावर घट्ट बसेल असं ठेवा, आणि लहान मुलाला टॉवेलखाली उकळत्या पाण्यावर अजिबात वाकवू नका, भाजण्याच्या केसेस अशाच होतात. त्यापेक्षा गरम शॉवर सोडून बाथरूममध्ये पाच मिनिटं घेऊन बसा. मेडिकलमध्ये सलाईनचे म्हणजे नुसत्या मिठाच्या पाण्याचे थेंब मिळतात, ते लहानमोठ्या सगळ्यांना चालतात आणि कितीही दिवस चालतात. जलनेती करणाऱ्यांनी पाणी उकळून गार केलेलंच घ्यायचं, थेट नळाचं नको.

आणि नाक उघडणारे ते दुसरे थेंब, झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनवाले, त्यांची माझी गोष्ट ऐका. गेल्या वर्षी विसर्जनानंतर नाक असं चोंदलं की झोप येईना, मेडिकलमधून थेंब आणले, दोन मिनिटांत नाक मोकळं, वा! मग रोज रात्री, मग सकाळी पण, मग ऑफिसच्या बॅगेत एक बाटली, उशीखाली एक बाटली. सर्दी कधीच गेली होती पण थेंब टाकले नाहीत की नाक सिमेंट भरल्यासारखं बंद. नवरात्र संपलं तरी हेच. शेवटी ईएनटीकडे गेलो तर त्या हसल्या, म्हणाल्या हे सर्दीमुळे नाही, थेंबांमुळे चोंदतंय. हे थेंब नाकातल्या रक्तवाहिन्या आवळतात, असर उतरला की त्या आधीपेक्षा जास्त फुगतात, आणि आपण परत थेंब टाकतो. त्यांनी एक स्प्रे दिला, थेंब बंद करायला लावले, पहिला आठवडा तोंडाने श्वास घेत काढला. तर नियम एकच, तीन दिवस, फार तर पाच, त्यानंतर बाटली फेकून द्या. ठेवली की हात जातोच.

गोळ्यांचा घोळ तर याहून मोठा आहे. अंग दुखतंय, कणकण आहे तर साधं पॅरासिटामॉल, मोठ्या माणसाला 500 किंवा 650 मिलिग्रॅमचं, दोन गोळ्यांत किमान सहा तासांचं अंतर, आणि 650 ची दिवसात चारच्या वर नको. इथपर्यंत सोपं. पण मेडिकलवाल्याला 'सर्दीची गोळी द्या' म्हटलं की जी मिळते तिच्या पाठीमागे जरा बारीक अक्षरं वाचा, त्यात बहुतेक वेळा पॅरासिटामॉल असतंच, सोबत फिनाइलएफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन किंवा सेटिरिझिन. लोक काय करतात, सर्दीची वेगळी आणि तापाची वेगळी अशा दोन्ही घेतात, म्हणजे पॅरासिटामॉल डबल, आणि त्याचा मार बसतो लिव्हरवर. रोजची दारू असेल तर आणखीनच.

त्यातलं फिनाइलएफ्रिन पोटातून घेतल्यावर चोंदलेलं नाक उघडण्यात काही उपयोगाचं नाही असं अमेरिकेच्या एफडीएच्या म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेच्या तज्ज्ञ समितीने 2023 मध्ये सांगितलंय, तरी आपल्याकडे बहुतेक सर्दीच्या पाकिटांत ते आहेच, आणि बीपी असलेल्यांनी डॉक्टरांना न विचारता घेऊ नये. क्लोरफेनिरामिनने नाक गळणं थांबतं पण झोप येते, आणि ही झोप साधीसुधी नाही. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये सिग्नलला टू-व्हीलरवर माझा डोळा लागला होता, मागच्याने हॉर्न दिला म्हणून वाचलो. रात्री घ्या, आणि सकाळी सुस्ती असेल तर गाडी घरी ठेवून बसने नाहीतर रिक्षाने जा. प्रोस्टेटचा त्रास असलेल्या काकांना या गोळीने लघवी अडू शकते, त्यांनी तर विचारूनच.

'तीन दिवसांचा अझिथ्रोचा कोर्स घेऊन टाक' असं सांगणारा एक तरी माणूस प्रत्येक ऑफिसात असतो, त्याचं ऐकू नका. अझिथ्रो म्हणजे अझिथ्रोमायसिन, एक अँटिबायोटिक. अँटिबायोटिक बॅक्टेरियावर चालतं, व्हायरसवर नाही. शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणजे इन्फेक्शन वाढलं असंही नाही, तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमधून येतो.

लहान मुलांचं वेगळं आहे. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना द्यायचं नाही असा इशारा आपल्या औषध नियंत्रकांनी 2023 च्या शेवटी छापायलाच लावलाय. मोठ्याचं सिरप अर्धा चमचा करून पोराला द्यायचं हे तर पूर्ण बंद करा. सलाईनचे थेंब, भरपूर पाणी, ताप असेल तर डॉक्टरांनी वजनावर सांगितलेलं पॅरासिटामॉल, ओव्याची पुरचुंडी तव्यावर शेकवून छातीला, आधी आपल्या मनगटावर लावून बघायची. कापराचा बाम दोन वर्षांखाली नाही आणि नाकपुडीत तर कुणालाच नाही.

खायला मऊ भात-मेतकूट-तूप, किंवा गरम हुलग्याचं माडगं, वर लसणाची फोडणी. माझा अनुभव विचाराल तर नाक उघडण्यात माडग्याइतकं काही चालत नाही, पण तो अनुभव भूक लागलेल्या माणसाचा आहे.

पावसाळ्यात एक सांभाळा. नाक कोरडं आहे, शिंका नाहीत, पण एकदम जोरात ताप आणि डोळ्यांच्या मागे दुखतंय, अंग मोडतंय, तर ती सर्दी समजून आयब्युप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन घेऊ नका, डेंगी असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल तेवढं घ्या आणि रक्त तपासा.

बाकी धाप लागली, छातीत दुखलं, ताप तीन दिवसांनंतरही उतरला नाही, बरं वाटत असताना परत एकदम बिघडलं, किंवा कान ठणकायला लागला तर डॉक्टर. दमा, शुगर असलेले, गरोदर बायका आणि अगदी तान्ही बाळं यांनी तर एवढी वाटही बघू नये. आणि सर्दीचा खोकला रेंगाळतो हे खरं, तरी तो दोन आठवड्यांच्या वर गेला तर 'सर्दीचाच आहे' म्हणत सिरपच्या बाटल्या बदलत बसू नका, थुंकीची तपासणी करून घ्या, टीबीची ही तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते.