थाईमध्ये मला सुरांपेक्षा ऱ्हस्व-दीर्घाने जास्त रडवलं

थाई शिकायला घेतली तेव्हा सगळी धास्ती पाच सुरांची होती. ‘क्लाइ’ सपाट म्हटलं तर लांब, वरून खाली आणलं तर जवळ! स्टेशन जवळ आहे का, हे विचारताना मी सवयीने शेवटी आवाज चढवायचो आणि समोरचा गोंधळायचा. मराठीत नुसता सूर चढवला की प्रश्न होतो. थाईत मात्र सूर शब्दाचाच भाग असतो आणि प्रश्नासाठी वेगळा शब्द लागतो.

ही खोड महिनाभरात गेली. स्वरांनी मात्र पिच्छा पुरवला. इ-ई, उ-ऊ हा भेद आपण मुख्यतः शुद्धलेखनात पाळतो, बोलताना फारसा नाही. थाईत मूळ स्वर ९ आणि प्रत्येकाचं ऱ्हस्व-दीर्घ रूप. लांबीने अर्थ बदलतो, कधी सूरसुद्धा. ‘रक्’ आखूड म्हटलं तर प्रेम, सूर उंच. ‘राक्’ लांबवलं तर झाडाचं मूळ, सूर पडता. दोन्हींवर सूरचिन्ह, म्हणजे सूर दाखवणारी खूण, नाही! थाई लिपीत व्यंजनांचे उच्च, मध्य, निम्न असे तीन वर्ग आणि सूर त्यांवरही ठरतो. ‘र’ निम्न वर्गातला. शब्द क्, त्, प् वर अडला की या वर्गात स्वराची लांबीच सूर ठरवते.

सूरचिन्हांची नावं ऐकून मी खूश झालो होतो: एक, थो, त्री, चत्तवा. आपलेच आकडे! पण ‘एक’ चिन्ह मध्य वर्गावर खालचा सूर देतं, निम्न वर्गावर पडता. म्हणून सुरुवात मध्य वर्गाच्या ९ अक्षरांपासून करा. त्यांच्यावर पाचही सूर बसतात.

क-ख, त-थ आपल्याला फुकट मिळतात, ॲ आणि ऑसुद्धा. ‘फ’ जपून: फुकेतचा फ ओठ मिटूनच म्हणायचा. हाताला जो थाई शब्द आहे, त्यातला स्वर मराठीत नाही. जीभ ‘ऊ’ची ठेवून ओठ ‘ई’सारखे ताणा. आरशासमोर करा, हसू येतं पण जमतं.

आणि थाई लिपी पहिल्याच महिन्यात शिका. माझी पहिली वही देवनागरीत होती. भात, बातमी, पांढरा, तिन्हींपुढे ‘खाव’ एवढंच लिहिलेलं. आठवड्याभराने ती मलाच वाचता येईना.