स्टेरॉइड हार्मोनच्या तपासणीत या चुका टाळा

कॉर्टिसॉल, प्रोजेस्टेरॉन किंवा टेस्टोस्टेरॉनचा अहवाल रुग्णाच्या लक्षणांशी जुळला नाही की नवा तंत्रज्ञ पहिल्यांदा यंत्राला दोष देतो. चिपळूण-रत्नागिरी पट्ट्यातील लहान प्रयोगशाळांचे असे अहवाल माझ्याकडे येतात, आणि घोळ बहुधा यंत्र सुरू होण्याआधीच झालेला असतो.

सर्वांत चीड आणणारी चूक म्हणजे एलायझाचे (रंगाच्या गडदपणावरून हार्मोन मोजणाऱ्या पद्धतीचे) किट थंड असतानाच उघडणे. किट २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवलेले असते आणि आपल्याकडची पावसाळी हवा ओलीचिंब असते. त्यामुळे पाकीट फोडताच प्लेटच्या वेलमध्ये, म्हणजे नमुना टाकायच्या छोट्या खळग्यांमध्ये, दंव धरते. शिवाय गार प्लेट इन्क्युबेटरमध्ये (ठरावीक तापमान राखणाऱ्या पेटीत) ठेवली, तर कडेचे वेल मधल्यांच्या आधी तापतात. एका प्रयोगशाळेत ऐन आषाढात, सायंकाळी अहवाल द्यायचे म्हणून, एका मुलाने हेच केले. वंध्यत्वाचे उपचार घेणाऱ्या एका स्त्रीचा एकच नमुना दोन वेलमध्ये लावला होता; प्रोजेस्टेरॉनचा कडेच्या वेलमधला आकडा ४.६ आला आणि मधल्या वेलमधला २.१. पाळीच्या उत्तरार्धात ३ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर आकडा आला, तर सामान्यतः बीज सुटले असे मानतात. म्हणजे एक वेल हो म्हणत होता आणि दुसरा नाही. त्याने सरासरी काढून ३.३५ लिहिले आणि अहवाल दिला! दोन वेलमध्ये एवढी तफावत असताना काढलेली सरासरी म्हणजे निव्वळ अंदाज होय.

मी सकाळी आल्याआल्या किट बाहेर काढून ठेवतो आणि नोंदवही, पिपेट, कंट्रोल (आकडा आधीच माहीत असलेले नमुने) यांची कामे उरकेपर्यंत पाकिटाला हात लावत नाही. प्लेटच्या उरलेल्या पट्ट्या ओलावा शोषणाऱ्या पुडीसह लगेच बंद करतो. एकाच नमुन्याच्या जोडीच्या वेलमध्ये दहा टक्क्यांहून जास्त फरक आला, तर नमुना पुन्हा लावतो. घाई असलेल्यांनी रक्तातील साखर मोजावी.

या तपासण्यांत नमुन्यातले हार्मोन किटमधल्या रंग देणाऱ्या हार्मोनशी जागेसाठी स्पर्धा करते, म्हणून रंग गडद म्हणजे हार्मोन कमी, हे आलेख वाचण्यापूर्वी मनात पक्के असावे. प्रोजेस्टेरॉनचा नमुना जेलच्या नळीत (रक्तपेशी वेगळ्या ठेवणारा जेलचा थर असलेल्या नळीत) रात्रभर ठेवू नये, कारण जेल ते शोषून घेते. केसांसाठी घेतलेल्या बायोटिन या जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेमुळे काही किटमध्ये आकडा खोटा वाढतो. कॉर्टिसॉलच्या नळीवर वेळ लिहिलेली नसेल, तर मी ती सरळ परत करतो, कारण सकाळी आठचा आणि मध्यरात्रीचा आकडा एकाच मापाने वाचता येत नाही.

दुसरी मोठी चूक म्हणजे औषधांविषयी न विचारणे. प्रेडनिसोलोन हे दमा, सांधेदुखी यांवर दिले जाणारे स्टेरॉइड औषध आणि कॉर्टिसॉल यांच्या रेणूंत केवळ दोन हायड्रोजन अणूंचा फरक आहे. त्यामुळे अनेक किटमधील प्रतिपिंड (हार्मोनला पकडणारी प्रथिने) प्रेडनिसोलोनलाही कॉर्टिसॉल समजतात. दम्याची गोळी घेणारा रुग्ण ‘मी काही घेत नाही’ असे बेधडक सांगतो, म्हणून मी गोळ्यांची पाकिटेच मागवतो, आणि सांधेदुखीच्या बिननावाच्या पुडीचीही चौकशी करतो. शंका असल्यास नमुना एलसी-एमएस/एमएस (रेणू वेगळे करून त्यांच्या वस्तुमानावरून ओळखणाऱ्या) तपासणीसाठी मुंबईला पाठवावा. ती पद्धत दोघांना वेगळे ओळखते. मात्र तेथेही फॉर्मवरचा औषधांचा रकाना कोरा सोडू नये. प्रेडनिसोलोनने शरीराचे स्वतःचे कॉर्टिसॉल दबलेले असते, त्यामुळे तो कमी आकडा अचूक असूनही डॉक्टर अधिवृक्क ग्रंथीचा (कॉर्टिसॉल बनवणाऱ्या, मूत्रपिंडावरच्या ग्रंथीचा) आजार शोधत बसतात.