केस रिपोर्ट लिहायचाय? मग पेशंट वॉर्डात असतानाच कामाला लागा

दर बॅचला एकदा तरी हे होतंच. सेकंड इयरचा कुणीतरी रेसिडेंट (पदव्युत्तर शिकणारा डॉक्टर) अमृततुल्यवर चहा पाजतो आणि मग हळूच विचारतो, "मॅडम, गेल्या दिवाळीत ती भारी केस आली होती ना आपल्याकडे, ती पब्लिश करूया का?" मी विचारते, पेशंटची सही घेतलीस? नाही. फोटो? एक आहे, पण व्हॉट्सॲपवरून आलेला, धुरकट. फोन नंबर? केसपेपरवर असेल. केसपेपर कुठंय? एमआरडीत (हॉस्पिटलच्या रेकॉर्ड खात्यात). बोंबला.

मी पण हे भोगलंय. माझा पहिला केस रिपोर्ट (म्हणजे एका पेशंटच्या केसवर जर्नलमध्ये छापायचा लेख) मी पेशंट घरी गेल्यावर आठ महिन्यांनी लिहायला घेतला, फाईल मिळाली पण नेमका दुसऱ्या दिवसाचा कागद गायब, नंबर लावला तर तो पेशंटच्या भाच्याचा, मग को-रेसिडेंटच्या ॲक्टिव्हावर सासवडपर्यंत गेलो सहीसाठी तर कळलं मंडळी मुलाकडे सुरतेला गेलीत. तो रिपोर्ट अजून माझ्या पेन ड्राइव्हमध्येच आहे. तेव्हा "केस रिपोर्ट कसा लिहायचा" असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, पेशंट अजून ॲडमिट आहे का?

उदाहरण घेऊनच सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील इथे बदललेत (गप्पांमध्ये हे चालतं, जर्नलमध्ये नाही, ते पुढे येईल). पन्नाशीच्या एक काकू, शुगरच्या गोळ्या चालू, पहाटे टेकडीवर जाणाऱ्या, कुणीतरी सांगितलं म्हणून दुधीचा रस सुरू केलेला. त्या दिवशी रस कडू लागला तरी औषध कडूच असतं म्हणून ग्लासभर संपवला. अर्ध्या तासात पोटात कळा, उलट्या, जुलाब, मग रक्ताची उलटी, आमच्याकडे आल्या तेव्हा वरचं बीपी 80. कॅज्युअल्टीत लिहिलं गेलं "फूड पॉयझनिंग". स्कोपीत (दुर्बिणीच्या तपासणीत) जठरात आणि ड्युओडेनममध्ये (लहान आतड्याच्या सुरुवातीला) भरपूर इरोजन्स (खरवडल्यासारख्या जखमा) दिसले. कडू दुधीत कुकरबिटासिन नावाची विषारी द्रव्यं असतात, त्यावर उतारा नाही, सलाइन, पँटोप्राझोल (ॲसिड कमी करणारं औषध) आणि लक्ष ठेवणं एवढंच हातात. चौथ्या दिवशी काकू घरी.

आता पहिला प्रश्न, यात नवीन काय? दुधीचं प्रकरण काही आपण शोधलेलं नाही, असे रिपोर्ट आधी आले, एक मृत्यू खूप गाजला, मग आयसीएमआरनं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं) तज्ज्ञांची समिती नेमली आणि तिचा अहवाल 2012 ला इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये छापून आला. रेसिडेंट इथेच निराश होतात. पण दुर्मिळ म्हणजेच छापण्यालायक असं काही नसतं हो. वाचणाऱ्या डॉक्टरनं उद्या ओपीडीत काय वेगळं करायचं ते एका वाक्यात सांगता आलं की केस उभी राहते. आमचं वाक्य होतं: सकाळी रस पिऊन उलट्या सुरू झालेल्या पेशंटला फूड पॉयझनिंगचा शिक्का मारायच्या आधी "चव कशी होती" एवढं विचारा. हे वाक्य कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. ते सुचत नसेल तर लिहायला बसू नका, खरंच, ड्यूटीनंतर झोप काढा.

आणि "जगातली पहिली केस" असं तर लिहूच नका. कुठल्या तारखेपर्यंत, पबमेडवर (वैद्यकीय पेपर शोधायची वेबसाइट) कोणते शब्द टाकून शोधलं आणि सापडलं नाही, एवढंच लिहा. एखादा रिव्ह्यूअर (जर्नलसाठी लेख तपासणारा तज्ज्ञ) 1987 चा पेपर काढून तोंडावर मारतोच.

दुसरं काम, परत पेशंटकडे जाऊन बसायचं. केसपेपरवर इंटर्ननं लिहिलं होतं "ज्यूस घेतल्याचा इतिहास". बस. मी स्टूल ओढून वीस मिनिटं बसले तेव्हा कळलं की रसात आवळा-पुदिना काही नव्हतं, साधारण 200 मिली, उपाशीपोटी, आणि काकांनी त्याच भांड्यातला एक घोट घेऊन बेसिनमध्ये थुंकला होता, त्यांना नुसती मळमळ. हा काकांचा घोट म्हणजे सोनं! एकाच भांड्यातला रस, एकानं भरपूर घेतला, एकानं नावाला, आणि त्रासही त्याच हिशोबात. डिस्कशनमध्ये (लेखातल्या चर्चेच्या भागात) रसामुळेच झालं म्हणायला याहून चांगला आधार आमच्याकडे नव्हता, आणि तो एकाही कागदावर नव्हता. (औषधाची रिॲक्शन असेल तर त्रास औषधामुळेच झाला का ते जोखणारं नरांजो स्केल भरा, दहा प्रश्न आहेत, पाच मिनिटांचं काम.)

संमती. ॲडमिशनच्या वेळी घेतलेली सही इथे चालत नाही, छापण्यासाठी वेगळी लेखी संमती लागते, काही जर्नलांचा स्वतःचा फॉर्म असतो, तो आधीच डाउनलोड करून ठेवा. आणि फॉर्म मराठीत समजावून सांगा, नुसतं "इथे सही करा" नको. मी म्हटलं, काकू, तुमच्या आजाराबद्दल डॉक्टरांच्या मासिकात लिहायचंय, नाव येणार नाही, पण इंटरनेटवर कुणीही वाचू शकेल, आणि नाही म्हणालात तरी उपचारात काही फरक पडणार नाही. काकूंचा पहिला प्रश्न, "सोसायटीच्या ग्रुपवर येईल का हो?" बरोबर प्रश्न आहे! नाव नसलं तरी ओळखीचा माणूस ओळखू शकतो, हे त्यांना स्पष्ट सांगायचं.

ओळख लपवण्यात लोक फार गाफील असतात. डोळ्यांवर काळी पट्टी मारली की झालं असं वाटतं, पण आयसीएमजेईनं (मेडिकल जर्नलांच्या एडिटरांच्या आंतरराष्ट्रीय समितीनं) सरळ सांगितलंय की ते पुरेसं नाही. हाताचा फोटो असेल तर गोंदण बघा, आपल्याकडच्या कितीतरी बायकांच्या हातावर नाव गोंदलेलं असतं. सीटीच्या कोपऱ्यात नाव, तारीख, सेंटरचा लोगो, सगळं कापा. तारखांऐवजी "दिवस 1, दिवस 2" लिहा. 2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोड, किरकटवाडी भागात जीबीएसची (गियाँ-बारे, नसांचा आजार) साथ आली, पेपरात रोज बातम्या, अशा वेळी वय, गल्ली आणि ॲडमिशनची तारीख एकत्र लिहिली तर नाव लिहायचं काय बाकी राहिलं? पण एक लक्षात ठेवा, तपशील गाळा, बदलू नका. वय 52 चं 45 करणं, बाईचा पुरुष करणं ही जर्नलमध्ये लबाडीच धरतात.

एथिक्स कमिटीचं (संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीचं) म्हणाल तर एका केससाठी प्रत्येक संस्थेचा नियम वेगळा, काही ठिकाणी नुसतं कळवलं तरी भागतं, पण जर्नल पत्र मागतं, तेव्हा आपल्या कमिटीच्या ऑफिसात आधीच विचारून ठेवा.

लिहिताना केअर चेकलिस्ट (केस रिपोर्टमध्ये काय काय हवं त्याची यादी) समोर ठेवा. 2013 ला आली, 13 मुद्दे आहेत, फुकट मिळते. (यूजीसीची केअर यादी वेगळी हं, तिचं काम आपल्या पुणे विद्यापीठातून चालायचं, ती जर्नलांची यादी होती आणि 2025 ला यूजीसीनं ती बंदही केली. दरवर्षी कुणीतरी गोंधळ घालतंच.) टायटलमध्ये "केस रिपोर्ट" हे शब्द हवेत. मी सगळ्यात आधी टाइमलाइनचा तक्ता करते, सात वाजता रस, साडेसातला कळा, दहाला रक्ताची उलटी, साडेदहाला बीपी 80, असा, मग केसचा भाग त्यावरून आपोआप लिहिला जातो. ॲबस्ट्रॅक्ट (सारांश) सगळ्यात शेवटी. नॉर्मल आलेले वीस रिपोर्ट ओतू नका, ज्यानं दुसरं निदान बाद झालं तेवढेच, आणि प्रत्येक आकड्याला युनिट आणि नॉर्मल रेंज. चेकलिस्टमध्ये पेशंटचं म्हणणं असाही एक मुद्दा आहे, लोक तो सोडून देतात. आमच्या काकू म्हणाल्या होत्या, "वजन कमी करायला प्याले, तर चार दिवसांत जीवच हलका झाला", ते आम्ही इंग्रजी करून टाकलं आणि एडिटरला तेच सगळ्यात आवडलं.

डिस्कशन म्हणजे टेक्स्टबुकचा धडा नाही. आमच्या पहिल्या ड्राफ्टमध्ये दुधीचं कूळ, वेल, लागवड सगळं होतं, सरांनी लाल पेनानं दीड पान उडवलं. आधीच्या केसेसशी तुलना, आपल्याकडे काय कमी पडलं (आम्ही उरलेल्या रसाची तपासणी केली नव्हती, तसं प्रामाणिकपणे लिहिलं) आणि ते भिंतीवरचं वाक्य, इतकंच.

नावांचं प्रकरण नाजूक. आयसीएमजेईच्या चार अटी आहेत: कामात खरा वाटा, ड्राफ्टवर काम, फायनलला मंजुरी आणि जबाबदारी घेणं. चारही हव्यात. आता एचओडींचं (विभागप्रमुखांचं) नाव टाकायचं की नाही हे मी इथे लिहिणार नाही, मलाही नोकरी आहे. पण नावांचा क्रम पहिल्या ड्राफ्टच्या आधी ठरवा, नंतर मैत्र्या तुटतात. एआयनं भाषा सुधारलीत तर तसं लिहा, त्याला ऑथर करता येत नाही, आणि पेशंटचा डिस्चार्ज समरी चॅटमध्ये पेस्ट करणं तर महापाप.

जर्नल निवडताना आधी त्यांच्या सूचना वाचा, काही जर्नलं केस रिपोर्ट घेतच नाहीत. बीएमजे केस रिपोर्ट्सला फेलोशिप म्हणजे वर्गणी लागते, संस्थेची असेल तर लायब्ररीत विचारा. "डियर एस्टीम्ड डॉक्टर" करून मेल आला आणि 72 तासांत छापून देतो म्हणाले तर डिलीट. एका वेळी एकाच जर्नलला पाठवायचं. आणि प्रमोशनसाठी लिहीत असाल तर आधी नियम बघा, एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) 2022 च्या नियमांत केस सिरीज (अनेक पेशंटवर मिळून एक लेख) धरली होती, एकटा केस रिपोर्ट नाही, आणि 2025 ला नवे नियम आले.

रिजेक्ट होणारच. आमचा दोनदा झाला, एकदा तर पाठवल्याच्या दुसऱ्या दिवशी. रिव्ह्यूअरचे प्रश्न आले तर राग गिळून प्रत्येक प्रश्न कॉपी करा, खाली उत्तर, कुठल्या पानावर काय बदललं ते. पटलं नाही तर तसं नम्रपणे लिहा, कारण द्या, चालतं.

शेवटी प्रूफ (छापायच्या आधी तपासायची प्रत) येतं आणि बहुतेक वेळा 48 तास देतात, नेमकी तेव्हाच तुमची इमर्जन्सी असते. तरी दशांशचिन्हं एकेक करून तपासा, आमचं 5.8 चं 58 झालं होतं, आणि स्वतःच्या नावाचं स्पेलिंगही बघा. मेल कधीकधी स्पॅममध्ये जातो, आमचा तिथेच सापडला होता, मुदत संपायला तीन तास असताना.