केलेवेले बिघडतं कुठे? घानाची तिखट तळलेली केळी करताना या चुका टाळा

संध्याकाळ झाली की घानाची राजधानी अक्रामध्ये रस्त्याच्या कडेला मोठाल्या कढया चढतात. पिकलेल्या केळ्याचे, आलं-मिरची चोळलेले तुकडे त्यात तळायचे आणि कागदात बांधून, सोबत भाजलेले शेंगदाणे देऊन विकायचे. हेच केलेवेले. साहित्य मोजकं, कृती सोपी. तरी घरी करताना तुकडे तेल पितात, काळे पडतात, नाहीतर मसाला सुटून कढईच्या तळाशी जाऊन बसतो. यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ तळण्यात नसतंच. केळं निवडताना आणि मसाला वाटताना काय केलं, यावरच बरंचसं ठरलेलं असतं.

केळं चुकलं की पुढचं सगळं चुकतं

केलेवेलेला प्लँटेन लागतं, म्हणजे रांधायचं, जाड सालीचं, पिठूळ केळं. आपली रोजची बसराई किंवा वेलची केळी इथे चालत नाहीत. ती पिकली की फार मऊ होतात आणि गरम तेलात त्यांचा लगदा होतो. भाजीवाल्याकडची हिरवी कच्ची केळी आणलीत तर वेफर्स छान होतील, पण केलेवेले नाही. मुंबई-पुण्यात केरळी दुकानांत नेंद्रन मिळतं, ते प्लँटेनच आहे, बिनधास्त घ्या. वसईची राजेळी हाती लागली तर तीही त्याच कुळातली. परदेशात राहणाऱ्यांनी आफ्रिकन किंवा कॅरिबियन दुकानात चौकशी करावी.

आता पिकणं. साल पिवळी, तिच्यावर काळे ठिपके आणि पट्टे, अंगठ्याने दाबलं तर किंचित दबेल पण बोट रुतणार नाही, असं केळं हवं. केळं पिकतं तशी त्यातल्या पिष्टाची साखर होत जाते, आणि केलेवेलेची सगळी मजा त्या गोडव्यात आणि आल्या-मिरचीच्या झणक्यात आहे. हिरवट केळ्यात तो गोडवा नसतो, तुकडा कोरडा आणि घशात अडकणारा होतो. उलट साल पूर्ण काळी पडून केळं लिबलिबीत झालं असेल, तर साखर इतकी वाढलेली असते की आतला गर शिजायच्या आधी बाहेरची बाजू करपते, आणि तेलही भरपूर शोषलं जातं. अशा केळ्यांचं घानात टाटाले करतात: केळं कुस्करून त्यात कांदा, आलं, मिरची, थोडं पीठ घालायचं आणि छोटी धिरडी तळायची. जास्त पिकलेल्या केळ्यांचा तो फार चांगला मार्ग आहे, केलेवेलेचा हट्ट तिथे धरू नये.

कच्चं प्लँटेन पिकायला फ्रीजमध्ये ठेवू नका. थंडीने साल काळी पडते आणि आतलं केळं तसंच राहतं. बाहेरच, कागदी पिशवीत ठेवा.

मसाल्यात पाणी

ही दुसरी मोठी चूक, आणि जवळजवळ सगळे ती करतात. मिक्सर फिरत नाही म्हणून पाव वाटी पाणी ओततात, आणि मग मसाला तुकड्याला धरत नाही, तेलात पडताच तडतड उडते. दोन-तीन प्लँटेनना दोन इंच आलं, एक लहान कांदा, दोन ताज्या लाल मिरच्या, तीन-चार लवंगा आणि मीठ पुरतं. हे खलबत्त्यात कुटा, किंवा मिक्सरमध्ये चमचाभर पाण्यावरच भागवा. आल्याच्या दशा आणि कांद्याचे मोठे कण राहू देऊ नका. तेलात सगळ्यात आधी तेच जळतात आणि कडवटपणा येतो. नुसत्या लाल तिखटावर काम भागवलं तरी तेच होतं, म्हणून मुख्य तिखटपणा ताज्या मिरचीचा असावा.

घानात यात एहुरू नावाची, जायफळासारख्या वासाची बी आणि ह्वेन्तिया नावाच्या काळ्या, धुरकट वासाच्या शेंगाही पडतात. त्या न मिळाल्यास चिमूटभर जायफळ आणि दोन-चार काळे मिरे घाला. गरम मसाला मात्र नको. त्यातल्या धण्या-जिऱ्यानं चव पार बदलते. आणि बेसनात घोळवायचा मोह आवरा, त्याची भजी होतात.

मसाला चोळून पंधरा-वीस मिनिटं पुरतात. मिठामुळे केळ्याला पाणी सुटतं, म्हणून सकाळी चोळून संध्याकाळी तळायला घेऊ नका. भांड्याच्या तळाशी पाणी साचलंच, तर तुकडे निथळून घ्या, ते पाणी कढईत जाऊ देऊ नका.

तळताना

तुकडे अंदाजे दोन सेंटीमीटरचे, एकसारखे. तेल मध्यम तापलेलं, 170 ते 175 अंश. थर्मामीटर नसेल तर एक तुकडा सोडून बघा: लगेच भोवती बुडबुडे येऊन तो वर यायला हवा, पण काही सेकंदांत तांबूस होता कामा नये. तेल धुरावलं असेल तर बाहेर काळं, आत पिठूळ अशी गत होते. गार असेल तर तुकडे तेलकट होतात. कढई गच्च भरली तरी तेल थंड पडतं, म्हणून थोडे थोडे तळा.

तुकडे सोडल्यावर पहिलं मिनिटभर झारा लावू नका. केळं मऊ असतं, कड धरल्याशिवाय हलवलं की मोडतं. मग एकदा सोडवून घ्या आणि कडा गडद तपकिरी होईपर्यंत तळा. फिकट सोनेरी रंगावर काढलेलं केलेवेले लवकर मऊ पडतं. प्रत्येक घाण्यानंतर तेलातला सुटलेला मसाला जाळीच्या झाऱ्याने काढा. दुसरा घाणा कडू लागला तर कारण हेच असतं.

काढल्यावर जाळीवर पसरा. डब्यात घालून झाकण लावलंत तर वाफेने पाच मिनिटांत ओलं होतं. सॉस, केचप काही लागत नाही, मूठभर भाजलेले शेंगदाणे मात्र हवेतच. उरलं तर मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका, चिवट होतं. कोरड्या तव्यावर किंवा एअर फ्रायरमध्ये चार-पाच मिनिटं फिरवलं की कडा बऱ्यापैकी परत येतात.