जर्मनीहून आणलेलं रेडिओ घड्याळ कोल्हापुरात १२ वर अडकतं: माझा अनुभव

लक्षण: दाजींनी जर्मनीहून आणलेल्या भिंतीवरच्या घड्याळात सेल घातला की काटे गरगर फिरून बरोबर १२ वर येतात आणि तिथंच थांबतात.

नवे सेल, राजारामपुरीतल्या घराची गच्ची, महाद्वार रोडचे कारागीर, सगळं झालं. आठवडाभर डोकं उठलं.

घड्याळ धडधाकट होतं. ते आपली वेळ रेडिओ संदेशावरून लावतं, आणि त्यासाठी फ्रँकफुर्टजवळच्या माइनफ्लिंगेनहून ७७.५ किलोहर्ट्झवर येणाऱ्या 'डीसीएफ ७७' या वेळ सांगणाऱ्या संदेशाची वाट बघतं. दर सेकंदाला एक ठोका: ०.१ सेकंदाचा म्हणजे ०, ०.२ चा म्हणजे १, आणि या ०-१ वरून घड्याळाला वेळ कळते; ५९ व्या सेकंदाला ठोका नाही, त्यावरून नवा मिनिट कळतो. पोच साधारण २००० किलोमीटर. कोल्हापूर त्याच्या तिपटीहून लांब.

जमलं ते असं. मोबाईलची वेळ 'ऑटोमॅटिक' केली. डीसीएफ ७७ ची नक्कल करणारं ॲप घेऊन त्यात भारतीय वेळ निवडली. वायरचा इअरफोन जोडला (ब्लूटूथ चालत नाही), वायरीचे पाच-सहा वेढे घड्याळामागच्या काळ्या डबीभोवती दिले, आवाज पूर्ण. मग ॲप सुरू, आणि त्यानंतरच सेल. टीव्ही, चार्जर लांब ठेवा. सातव्या मिनिटाला काटे हलले!

रात्री घड्याळ पुन्हा संदेश शोधतं, पण इथं तो मिळत नाही, तेव्हा ते साध्या क्वार्ट्झ घड्याळासारखं चालतं. महिन्यातून एकदा हेच पुन्हा करतो.