एक्सवरून वेलँडवर: दुकान चालू ठेवून बदल कसा करायचा

ठाण्याला नौपाड्यात आमचं डीटीपीचं छोटं दुकान आहे. चार मशीन, चारही डेबियन 13 या लिनक्सवर, डेस्कटॉप (म्हणजे पडद्यावरचा सगळा मांड) ग्नोम. लग्नपत्रिका, अहवाल, मंडळांची पत्रकं. ही चारही मशीन मी इतकी वर्षं मुद्दाम जुन्या एक्सवर ठेवली होती. यंदा पितृपक्षात बदल करायला घेतला, कारण त्या पंधरवड्यात पत्रिकेचं काम येत नाही आणि टेंभीनाक्याला देवीच्या मंडपाचे बांबू उभे राहिले तरी नवरात्रीची पत्रकं शेवटच्या चार दिवसांतच धडकतात. तुम्हीही आधी कामाचा मंद काळ निवडा. लगीनसराईत याला हात लावू नका.

एक्स म्हणजे पडद्यावर खिडक्या दाखवणारी, कीबोर्ड-माउसचं ऐकणारी यंत्रणा. 1984 साली एमआयटीत सुरू झाली, आणि आज चालतो तो अकरावा अवतार 1987 चा. तिची मला सर्वांत खटकणारी गोष्ट अशी की एक्सवर चालणारा कुठलाही प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्राममध्ये दाबलेल्या कळा वाचू शकतो. आमच्या ज्या मशीनवर गिऱ्हाइकांच्या पेन ड्राइव्हमधल्या फायली उघडतात, त्याच मशीनवर मी दुकानाचं बँक खातं बघते. एक्सची जागा घेणारी नवी व्यवस्था म्हणजे वेलँड, आणि त्यात ही वाट बंद आहे. क्रिस्टियान ह्योग्सबर्ग यांनी ते 2008 मध्ये सुरू केलं. त्यात प्रोग्राम आपली खिडकी स्वतः रंगवून कंपोझिटरच्या, म्हणजे सगळ्या खिडक्या पडद्यावर मांडणाऱ्या प्रोग्रामच्या, हातात देतो. कळा कोणाला द्यायच्या हेही कंपोझिटरच ठरवतो.

घाई का, तर ग्नोम 49 मध्ये एक्सचं सेशन मुळातच बंद करून दिलंय आणि उबुंटू या दुसऱ्या लिनक्सच्या 25.10 मधून ते गेलंय. डेबियन 13 मध्ये ग्नोम 48 आहे, तिथे दोन्ही शेजारी शेजारी आहेत. अडलं तर परत फिरता येतं. ही सोय आहे तोवरच सराव करून घ्या.

आधी आपण कशावर आहोत ते बघा. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग अबाउट, मग सिस्टीम डिटेल्स. तिथे विंडोइंग सिस्टीमसमोर एक्स11 किंवा वेलँड लिहिलेलं असतं. बदलायला काहीही इन्स्टॉल करावं लागत नाही. लॉगआउट करा, लॉगिनच्या पडद्यावर आपलं नाव निवडा, उजव्या खालच्या कोपऱ्यात दातेरी चाक येईल. त्यात 'ग्नोम' म्हणजे वेलँड, 'ग्नोम ऑन एक्सऑर्ग' म्हणजे जुनं. केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपवर हीच निवड लॉगिनच्या पडद्यावरच असते.

चाकात वेलँडचा पर्याय दिसतच नसेल तर ग्राफिक्स कार्डकडे बघा. आमच्या एका मशीनमध्ये एनव्हिडियाचं जीटी 710 होतं, केप्लर पिढीचं. त्याला कंपनीचा 470 मालिकेपुढचा ड्रायव्हर चालत नाही, आणि वेलँडच्या कंपोझिटरना लागणारा जीबीएमचा (चित्रासाठी कार्डची मेमरी वापरायच्या पद्धतीचा) आधार एनव्हिडियाने 495 पासून दिला. मी कार्ड काढलं, मॉनिटरची केबल मदरबोर्डवरच्या इंटेलच्या पोर्टला लावली. पत्रिकेच्या कामाला ते पुरून उरतं.

इथवर पाच मिनिटं लागतात. खरं काम पुढे आहे. आपण इतक्या वर्षांत एक्सला कुठे कुठे गाठी मारून ठेवल्यात, त्या शोधायच्या. त्या लिहून ठेवलेल्या नसतात, म्हणून मी प्रत्येक मशीनवर आधी एकेक पूर्ण दिवस नेहमीचं खरं काम करायला लावलं आणि शेजारी वही ठेवली.

वहीतली पहिली नोंद टायपिंगवाल्या काकूंची. काकू म्हणाल्या, "अगं, हे बघ काय उमटतंय." पत्रिकेत 'वऱ्हाडी' हवं होतं आणि पडद्यावर 'वर्हाडी' आलं होतं, र चा रफार होऊन ह च्या डोक्यावर. इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्डच्या मांडणीत इंग्रजी J च्या कळेवर र आणि शिफ्टसकट ऱ. म्हणजे शिफ्ट लागत नव्हती. मग आठवलं, काकूंच्या कीबोर्डची डावी शिफ्ट झिजलीय आणि कॅप्सलॉकचं शिफ्ट करणारी एक्समॉडमॅपची फाइल मीच कधीतरी लॉगिनला लावून दिली होती. एक्समॉडमॅप हा कळांची कामं बदलणारा प्रोग्राम, तो फक्त एक्सशी बोलतो. वेलँडमध्ये तो चालतो, चूक दाखवत नाही, आणि काही करतही नाही. नवा कीबोर्ड आणता आला असता, पण काकूंची बोटं त्या कळांना सरावलेली आहेत. 'इनपुट-रीमॅपर' नावाचं साधन बसवलं, त्यात कॅप्सलॉक निवडून शिफ्ट दिली, आपोआप सुरू होण्याची खूण केली. ते कळ पडद्याच्या यंत्रणेपर्यंत पोचायच्या आधीच बदलतं, त्यामुळे दोन्हीकडे चालतं. त्यानंतर काकूंनी सलग तीनदा 'वऱ्हाडी' टाइप करून दाखवलं.

एक्समॉडमॅप, एक्सरँडर, एक्सडूटूल ही नावं तुमच्या जुन्या स्क्रिप्टमध्ये शोधा. पहिल्याचा उपाय वर दिलाच. दुसऱ्याचं, म्हणजे मॉनिटरची मांडणी ठरवण्याचं, काम सेटिंग्जमधल्या डिस्प्लेमध्ये होतं, आणि तिथे दोन मॉनिटरना वेगवेगळं स्केलिंग (अक्षरं-खिडक्या किती मोठ्या दिसाव्यात ते प्रमाण) देता येतं हा मोठाच फायदा. तिसरा आपल्या वतीने कळा दाबतो, माउस हलवतो; त्याला सरसकट पर्याय नाही, ती स्क्रिप्ट नव्याने लिहावी लागते.

दुसरी अडचण गिऱ्हाइकासमोर आली. व्हिडिओ कॉलवर पत्रिकेचं प्रूफ दाखवायला गेले आणि समोरच्यांना काळा चौकोन. मीटिंगचा तो जुना प्रोग्राम एक्ससाठी लिहिलेला होता. असे प्रोग्राम वेलँडमध्ये एक्सवेलँडच्या, म्हणजे वेलँडच्या आत चालणाऱ्या एक्सच्या, आधारावर चालतात, पण त्यांना बाहेरच्या खिडक्या दिसत नाहीत. तीच मीटिंग फायरफॉक्समध्ये उघडली की कुठली खिडकी दाखवायची ते ग्नोम विचारतं, आणि पाइपवायर या चित्र-आवाज पोचवणाऱ्या सेवेतून तेवढीच खिडकी पलीकडे जाते. आता पहिल्याच कॉलआधी ब्राउझरमधून एकदा तपासून घेते.

कुठला प्रोग्राम जुन्या वाटेने चाललाय हे ओळखायला एक्सआइज वापरा, ते 'एक्स11-ॲप्स' पॅकेजमध्ये येतं. दोन मोठे डोळे उघडतात आणि माउसचा बाण जाईल तिकडे बघतात. वेलँडमध्ये मात्र बाण एक्सवेलँडच्या खिडकीवर असेल तेव्हाच ते हलतात. फायरफॉक्सवर बाण नेला, डोळे जागच्या जागी थिजले. त्या मीटिंगच्या प्रोग्रामवर नेला, लगेच बाणामागे फिरायला लागले. बँकेची पानं बघताना डोळ्यांना बाण दिसत नाही, हे स्वतः पाहिल्यावर मला खरा दिलासा मिळाला. चित्रं-फोटो सुधारायचं गिंप 2.10 सुद्धा असंच एक्सवेलँडमधून चालायचं. मार्च 2025 मध्ये आलेलं 3.0 थेट वेलँडवर चालतं, आणि डेबियन 13 मध्ये तेच आहे.

छपाईची काळजी करू नका. प्रिंटर कप्स या छपाईच्या वेगळ्या यंत्रणेकडे असतो, पडद्याच्या यंत्रणेशी त्याचा संबंध नाही.

मिंट या लिनक्सचा सिनॅमन किंवा एक्सएफसीई हे डेस्कटॉप वापरत असाल तर मी अजून थांबायला सांगेन. दोन्हीकडे वेलँड प्रायोगिक अवस्थेत आहे, आणि रोजचं मराठी टायपिंग त्यावर सोपवण्याइतकी माझी खात्री पटलेली नाही. केडीईवर त्याच्या प्लाझ्मा 6 या आवृत्तीपासून वेलँडच मुळात निवडलेलं असतं. तिथे आयबस (मराठीसारख्या भाषा टाइप करायचं साधन) वापरत असाल तर सिस्टीम सेटिंग्जमधल्या व्हर्च्युअल कीबोर्डच्या पानावर जाऊन ते निवडा, नाहीतर मराठी उमटायला अडचण येऊ शकते.

आमच्या चारपैकी तीन मशीन वेलँडवर आली. चौथ्यावर रंगमापक लावून मॉनिटरचे रंग जुळवते, आणि त्यासाठी मी वापरते ते डिस्प्लेकॅल एक्सशिवाय नीट चालत नाही. त्या मशीनवर चाकात 'ग्नोम ऑन एक्सऑर्ग' ठेवलंय. बँकेचं काम तिथे करायचं नाही, अशी चिठ्ठी मॉनिटरच्या कडेला चिकटवलीय.